पान चारशे नऊ

सातव्या खंडात फेकलेला भाला सेनापती अग्निवर्धनांच्या छातीपासून तीन बोटांवर येऊन थांबला त्याला आता अकरा वर्षं होत आली होती, आणि तेवढीच वर्षं सेनापती तांबाळ्याच्या सार्वजनिक वाचनालयात वर्तमानपत्रं लावायचं काम करत होते.

भाला कायम त्यांच्यासोबत असे. टोक छातीकडे, दांडा समोर हवेत, खाली-वर कशाचाही आधार नाही. ते चालले की भाला चाले, ते बसले की भाला बसे. दारातून सरळ आत येता येई. आत आल्यावर वळायची मात्र पंचाईत होती. म्हणून ग्रंथपाल रेहाना मुल्ला हिने पहिल्याच महिन्यात वाचन कक्षातली टेबलं भिंतीला सरकवून मधे सव्वासहा हातांचं रिंगण मोकळं करून घेतलं. पावसाळ्यात सभासद दांड्याला छत्र्या अडकवत. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी दांड्याची सावली नोकरीविषयक जाहिरातींच्या टेबलाला टेकली, की चहा येई.

ते तांबाळ्यालाच का आले, याचं कारण साधं होतं. बाकीच्या सगळ्या गावांत ते मेले होते.

‘मेघकोटाची बखर’ ही दहा खंडांची गोष्ट. एकेक खंड चारशे ऐंशी पानांचा. तांबाळ्यात सभासद चारशे बारा आणि प्रत एक. एकेकानं महिना महिना लावला असता तर शेवटच्या माणसाचा नंबर त्याच्या नातवाला लागला असता. म्हणून वाचनालयाच्या संस्थापकांनी फार पूर्वी एक रीत घालून दिली होती. नवं पुस्तक आलं की बाइंडर त्याची शिवण उसवतो. सोळा-सोळा पानांचे जुडगे सुटे होतात. त्यांना फॉर्म म्हणायचं. प्रत्येक फॉर्मला खाकी कागदाचं कव्हर चढवायचं आणि चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या क्रमानं तो घरोघर फिरवायचा. सगळ्या गावाचं वाचून झालं की पुस्तक परत शिवायचं.

या रीतीचा एकच कडक नियम होता, कलम सात. वाचकानं ‘वाचून झालं’ असं स्वतःच्या तोंडानं म्हटल्याशिवाय त्याच्याकडे फॉर्म मागायचा नाही. विचारायचं असेल तर फक्त ‘कुठवर आलं?’ एवढंच विचारायचं.

सातव्या खंडाच्या वेळी चिठ्ठ्यांमध्ये पहिलं नाव निघालं अक्काताई चौगुले यांचं. अक्का सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्स होत्या. त्यांनी पहिले पंचवीस फॉर्म पंचवीस दिवसांत वाचून पुढे दिले. सव्विसावा मात्र ठेवून घेतला.

सव्विसाव्या फॉर्ममध्ये सेनापती तीनशे माणसांनिशी घाट चढतात आणि पलीकडून धुक्याच्या फौजेतला कोणीतरी भाला फेकतो. चारशे नऊ क्रमांकाचं पान ‘भाला सेनापतींच्या छातीपासून तीन बोटांवर’ या शब्दांवर संपतं. अक्कांनी तिथे चष्मा काढला. त्यानंतर पान उलटलं नाही.

दर सोमवारी रेहाना त्यांच्याकडे जाई.

“कुठवर आलं, अक्का?”

“चारशे नऊ.”

मग चहा होई.

गावानं सत्ताविसाव्या फॉर्मपासून पुढचं वाचलं. त्यात राजकन्या पूर्वसमुद्राकडे निघते, आठवा खंड तर अख्खा समुद्रावरच आहे, आणि सेनापतींचं नाव कुठे निघतच नाही. त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही. ज्यांनी परगावी वाचलं होतं ते तांबाळ्यात त्याविषयी बोलत नसत. घरात दुखणाईत माणूस असताना तिरडीचा विषय काढत नाहीत, तसंच ते.

अशी अकरा वर्षं गेली, आणि एका सोमवारी नवव्या खंडाचं पार्सल आलं.

बाइंडरनं शिवण उसवली. पहिला फॉर्म व्यवस्थित छापलेला होता. मेघकोटाच्या नऊ वेशींपैकी सहा पडल्या होत्या, सातवीला वेढा पडला होता, आत चाळीस हजार माणसं अर्ध्या भाकरीवर होती. सोळाव्या पानाच्या तळाशी शेवटचं वाक्य होतं: ‘वेशीवरच्या पहारेकऱ्यानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. घाटातून’

पुढचे एकोणतीस फॉर्म कोरे होते.

रेहानाने ते एकेक करून उजेडात धरले. मग काय वाटलं कोण जाणे, तिने दुसऱ्या फॉर्मला कान लावला. आत ओंडका लाकडावर आदळल्याचा आवाज येत होता. धडक बसायची, मग माणसं ओरडायची, मग थोडी शांतता आणि परत धडक.

“वर्धनराव,” ती म्हणाली, “इकडे या जरा. हे ऐका.”

सेनापती रिंगणात वळून, दांडा कपाटाला लागणार नाही असे बेतानं आले. त्यांनी डावा कान लावला. बराच वेळ ऐकलं.

“सागवानी दरवाजा आहे,” ते म्हणाले. “आतून लावायचा आडणा माझ्या वडिलांनी बसवलाय. आठ दिवस टिकेल.”

आणि ते परत जाऊन क्रीडापानं पिनेला अडकवू लागले. त्या दिवशी त्यांनी दोन पानं उलटी लावली.

रेहानाने प्रकाशकांना फोन केला. तिकडच्या बाईंनी तक्रार नोंदवून घेतली आणि गुरुवारी कुरियरनं लेखी उत्तर आलं. ‘आपल्या प्रतीत छपाईचा दोष नाही. सातव्या खंडातील घाटाचा प्रसंग आपल्या गावी अपूर्ण असल्याचे आमच्या नोंदीवरून दिसते. तो पूर्ण होताच पुढील मजकूर आपोआप उमटेल. इतर कोणत्याही गावाकडून अशी तक्रार नाही. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

गुरुवारी संध्याकाळी पाचला सभासदांची तातडीची बैठक झाली. अध्यक्ष तात्या खोराटे यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. कुठल्याही प्रश्नाला ते पेरणीच्या निकडीनं हात घालत. सेनापती आपणहून व्हरांड्यात थांबले होते. आपल्या विषयावरच्या बैठकीत बसणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे खिडकीच्या गजांतून भाल्याचा दांडा तेवढा हातभर आत आलेला होता आणि सगळे त्याच्याकडे न बघता बोलत होते.

“विषय एकच,” तात्या म्हणाले. “अक्कांनी पान उलटलं तर मेघकोट सुटायची आशा आहे. नाही उलटलं तर वेस पडणार. चाळीस हजार माणसं आहेत आत, मर्दांनो. आणि इकडे माणूस एक.”

“एक, पण तो रोज आपले पेपर लावतो,” मागून कोणीतरी म्हणालं.

“पेपर मी लावीन की!”

“तुम्ही लावाल, तात्या. पण गेल्या गणपतीत तुमच्या आईला घेऊन दवाखान्यात कोण गेलं होतं? टेम्पोतून भाला बाहेर काढून, उभ्यानं?”

तात्या म्हणाले, “मी काय त्यांच्या वाईटावर आहे होय? तुम्हीच सांगा काय करायचं ते.”

“मधे काहीतरी घालू या. पोलादी पत्रा,” पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी सुचवलं.

“पान तीनशे अठ्ठ्याण्णव,” रेहाना म्हणाली. “‘धुक्यात ओतलेला भाला कोणत्याही चिलखताला जुमानत नाही.’ पहिल्याच वर्षी आपण मोठा शब्दकोश धरून पाहिला होता. भाला त्याच्या आरपार दिसत होता. शब्दकोश अजून तसाच आहे, भोकाचा.”

“मग दुसरी प्रत आणा विकत. तिच्यात वाचू.”

“दुसऱ्या प्रतीत ते मेलेले आहेत.”

शेवटी ठराव असा झाला, की कलम सात मोडायचं नाही, अक्कांना फॉर्म मागायचा नाही, पण ग्रंथपालांनी उद्या शुक्रवारी जाऊन नेहमीचा प्रश्न विचारावा. सोमवारची वाट पाहू नये. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. खिडकीतला दांडा सावकाश मागे गेला.

शुक्रवारी रेहाना निघाली तेव्हा सेनापतीही सोबत निघाले. तिने नको म्हटलं नाही. वाटेत तिने कोऱ्या फॉर्मला पुन्हा कान लावला. आता धडकेनंतर लाकूड चिरल्याचा आवाजही येत होता.

अक्का ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. सत्त्याहत्तराव्या वर्षीही त्यांची पाठ दवाखान्यातल्या खुर्चीत बसल्यासारखी ताठ होती. फॉर्म सव्वीस शेजारच्या स्टुलावर होता. खाकी कव्हर इतक्या वर्षांत चौदा वेळा बदललेलं.

“कुठवर आलं, अक्का?”

“आज शुक्रवार आहे,” अक्का म्हणाल्या. “चारशे नऊ.”

सेनापती अंगणात उभे राहिले. ओसरी त्यांना अरुंद पडायची.

“अक्का, माझं ऐकता का जरा?”

“आधी बीपी बघू दे. दर गुरुवारी येतोस, काल आला नाहीस.”

त्यांनी अंगणात उतरून त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला आणि पट्टा सोडला. मग म्हणाल्या, “हं, बोल.”

“माझी तीनशे माणसं त्या घाटात एक पाय उचलून उभी आहेत. पुढचं पाऊल टाकत असतानाच पान संपलं. मला पेपर लावून लावून संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात, तर त्यांचं काय होत असेल?”

“त्यांनी पाय खाली ठेवावा. कोणी अडवलंय?”

“तसं लिहिलेलं नाही.”

“मग उभे राहू देत. जिवंत तर आहेत!”

“अक्का, खाली वेस पडतीये.”

अक्कांनी हातातली शेंग फोडली नाही. तशीच परातीत टाकली.

“बत्तीस वर्षं,” त्या म्हणाल्या, “बत्तीस वर्षं मी तेच केलं रे. डॉक्टर म्हणायचे, सिस्टर, वेळ लिहा. आणि मी घड्याळ बघून वेळ लिहायची. हातात ऑक्सिजन नाही, रक्त नाही, गाडी नाही, आणि मी आपली वेळ लिहितेय. नऊ वाजून दहा. तीन वाजून पाच. रिटायर झाले तेव्हा ठरवलं, आता कोणाची वेळ लिहायची नाही. हे पान उलटलं की मला तेच करायचंय. रिकाम्या हातानं मी पान उलटणार नाही.”

रेहाना उंबऱ्याशी उभी होती. अकरा वर्षांत तिने या घरात एकच प्रश्न विचारला होता, कारण नियम तसा होता. आता तिच्या मनात दुसरा एक प्रश्न आला. तिने कलम सात मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. या प्रश्नाला त्यात मनाई नव्हती.

“अक्का,” ती म्हणाली, “हातात काय काय पाहिजे?”

अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. मग सेनापतींकडे. मग भाल्याच्या टोकाकडे, रुग्णाच्या जिभेकडे बघावं तसं.

“कागद आण,” त्या म्हणाल्या.

यादी दोन पानांची झाली. सलाईनच्या बाटल्या सहा. ऑक्सिजनचा सिलिंडर एक, आणि भरलेला. आरोग्य केंद्रात कोपऱ्यात असतो तो नव्हे. उकळलेली हत्यारं. गॉज, बँडेज, छातीत घालायची नळी. टाक्यांचा दोरा. त्याच्या रक्तगटाचे दहा लोक, जेवून आलेले. गाडी, दारात तोंड बाहेर करून. आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टर हुक्केरी मॅडम, ‘सुट्टीवर असल्या तरी’.

“रक्तगट पुस्तकात दिलेला नाही,” रेहाना म्हणाली.

“मग तपासा! पुस्तकाच्या भरवशावर राहिलो म्हणून तर ही वेळ आली.”

रक्त तपासलं. बी पॉझिटिव्ह निघालं. शनिवारी दुपारपर्यंत सभासदांच्या नोंदवहीत प्रत्येक नावापुढे रक्तगट लिहून झाला आणि त्र्याण्णव सभासद बी पॉझिटिव्ह असल्याचं तात्यांनी फळ्यावर जाहीर केलं. ते स्वतः ए होते. याचं त्यांना इतकं वाईट वाटलं, की गाडी आणि डिझेल आपल्याकडे लागलं असं त्यांनी सांगून टाकलं.

रविवारी सकाळी वाचन कक्षातली चार टेबलं जोडून त्यांवर स्वच्छ चादर अंथरली. डॉक्टर शुभदा हुक्केरी आल्या. वयानं लहान पण कपाळावर आठी मोठी. त्यांनी भाल्याभोवती एक फेरी मारली.

“अंतर किती?”

“तीन बोटं.”

“कधीपासून?”

“अकरा वर्षं.”

“वेग?”

“पुस्तकात ‘विजेसारखा’ म्हटलंय.”

डॉक्टरांनी केसपेपरवर ‘वेग: जास्त’ असं लिहिलं आणि विचारलं, “रुग्णाच्या वतीनं सही कोण करणार? जवळचं कोण?”

अक्कांनी पेन घेतलं. ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात त्यांनी ‘वाचक’ असं लिहिलं आणि सही केली.

मग त्यांनी सेनापतींना सदरा काढायला लावला. चारशे नववं पान त्यांनी पुन्हा एकदा वाचलं, बोटानं एकेक शब्द दाबत.

“‘छातीपासून तीन बोटांवर.’ छाती म्हटलंय. काळीज म्हटलेलं नाही. लिहिणाऱ्याला छाती म्हणजे एक फळी वाटते. आत कुठे काय असतं ते त्याला कुठलं ठाऊक.” त्यांनी निळ्या पेनानं उजव्या बाजूला, बाहेरच्या कडेला एक फुली मारली. “वर्धन, डावा खांदा मागे. उजवा पुढे. अजून. श्वास सोड. हं, तसाच राहा.”

अकरा वर्षं मधोमध असलेलं टोक अर्धी वीत सरकून फुलीसमोर आलं.

“हे आपण आधी का नाही केलं?” तात्या कुजबुजले.

“आधी कोणी पान उलटायचं म्हटलं नव्हतं,” रेहाना म्हणाली.

सेनापती टेबलाच्या कडेवर टेकले. खोली भरलेली होती, व्हरांडा भरलेला होता, आणि बी पॉझिटिव्ह लोक बाहेर रांगेत बाह्या वर करून उभे होते.

“रेहानाबाई,” सेनापती म्हणाले, “उद्याचे पेपर सहाला येतात. मराठी डावीकडे.”

“माहितीय मला. गप्प बसा.”

“आणि काही झालंच तर तो शब्दकोश—”

“वर्धन, तोंड बंद!” अक्का म्हणाल्या. त्यांनी हातमोजे चढवायच्या आधी फॉर्म सव्वीस उचलला, कव्हरवरून एकदा हात फिरवला, आणि पान उलटलं. मग तो रेहानाच्या हातात दिला. नजर अधू असेल किंवा हात गुंतलेले असतील तर दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं चालतं. ते कलम नऊ.

रेहानाने मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

“‘भाला छातीत शिरला.’”

भाला शिरला. आवाज फार झाला नाही. सेनापती मागे कलंडले ते डॉक्टरांच्या हातांवर.

“दांडा धरा, ओढायचा नाही!” अक्का ओरडल्या. “कोणी ओढलं तर बघा! गॉज. अजून. दाब तिथे. वाच गं तू, थांबू नको.”

“‘सेनापती कोसळले. घाटात त्या क्षणी त्यांच्याजवळ कोणी नव्हतं.’”

“कोणी नव्हतं म्हणे! नळी द्या. हं. पहिला माणूस आत घ्या, बाही वर.”

“‘त्यांच्या डोळ्यांपुढे मेघकोटाचे नऊ कळस तरळले.’”

“पेशंट शुद्धीवर आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “चांगलं लक्षण.”

“‘त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला.’” रेहानाला पुढची ओळ दिसली होती. ती थांबली.

“वाच,” अक्का म्हणाल्या. त्यांचं एक बोट सेनापतींच्या गळ्याजवळच्या नाडीवर होतं. “अर्धवट ठेवायचं नाही आता.”

“‘तो शेवटचा होता.’”

सेनापतींनी श्वास घेतला होता. तो सुटला. मग काहीच झालं नाही. सलाईनचा एक थेंब पडला, दुसरा पडला. अक्कांचं बोट नाडीवरच होतं.

मग छाती पुन्हा वर आली.

“हा दुसरा,” अक्का म्हणाल्या. “हा तिसरा. मोजतेय मी. वाच पुढे. लिहिणारा पुढे निघून गेला असेल, पेशंट इथेच आहे.”

रेहाना वाचत राहिली. एकशे चाळिसाव्या श्वासाच्या सुमाराला डॉक्टरांनी भाला बाहेर काढला आणि तात्यांच्या हातात दिला. तो कुठे ठेवावा हे न कळून तात्या तो राष्ट्रध्वजासारखा धरून उभे राहिले. चारशे अकराव्या पानाच्या शेवटी तीनशे माणसांनी उचललेले पाय एकदम जमिनीवर टेकवले. फॉर्ममधून आलेला तो आवाज सगळ्यांनी ऐकला. कपाटांवरची धूळ उडाली.

पुढची पाच पानं अंत्यविधीची होती. टाके पडत असताना ती वाचून झाली. चितेसाठी चंदन आणल्याचा उल्लेख आला तेव्हा सेनापतींचे ओठ हलले. रेहाना वाकली.

“त्या घाटात चंदन नाही,” ते पुटपुटले. “ऐनाची झाडं आहेत.”

चारशे सोळावं पान संपलं. अक्कांनी हातमोजे काढले, हात धुतले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सवयीनं त्यांचा हात पेनाकडे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला.

“वाचून झालं,” त्या म्हणाल्या.

रेहानाने नोंदवहीत तशी नोंद केली. नंतर कपाटातून नवव्या खंडाचा दुसरा फॉर्म काढला. शाई अजून ओली होती. पहिलं वाक्य सोळाव्या पानावरच्या तुटलेल्या वाक्याला येऊन जुळत होतं: ‘धुळीचा लोट उठला. तीनशे माणसं धावत खाली उतरत होती. सगळ्यांत पुढे सेनापतींचा घोडा होता, आणि घोड्यावर कोणी नव्हतं.’

त्या तीनशे जणांनी सातवी वेस तोलून धरली. दुसरा, तिसरा, चौथा फॉर्म गावात फिरू लागले. चौथ्याच्या शेवटी आडणा मोडला होता आणि माणसं दरवाजाला पाठी लावून उभी होती. पुढची पानं पुन्हा कोरी. यावेळी प्रकाशकांना कोणी फोन केला नाही. कारण सगळ्यांना माहीत होतं: सेनापतींचा घोडा अजून रिकामाच होता.

डॉक्टरांनी तीन आठवड्यांची विश्रांती सांगितली होती. सेनापतींनी अठराव्या दिवशी दीर्घ रजेचा अर्ज टेबलावर ठेवला. कारण: नववा खंड. रजेवरील पत्ता: सातवी वेस, मेघकोट.

“परत कधी रुजू होणार ते लिहिलं नाहीत,” रेहाना म्हणाली.

“दहाव्या खंडात काय आहे त्यावर आहे.”

तिने ‘मंजूर’ असं लिहिलं. खाली सही करून शिक्का मारला.

अक्कांनी एसटी स्टँडवर येऊन शेवटची मलमपट्टी केली. पिशवीत गॉज, पट्ट्या, गोळ्या आणि शेंगांचा लाडू दिला.

“उजवा हात वर करायचा नाही. घोड्यावर डावीकडून चढायचं. रोज पट्टी बदलायची.”

“लढाईत, अक्का?”

“लढाईत तर दोनदा.”

ते वाकून नमस्कार करू लागले. अकरा वर्षांत भाल्यामुळे त्यांना कोणापुढे वाकता आलं नव्हतं. अक्कांनी त्यांना अर्ध्यातच धरलं. “टाके,” त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ तसंच धरून ठेवलं.

कंडक्टरनं भाला टपावर टाकायला सांगितला. गाडी घाटाच्या दिशेनं गेली.

पुढच्या सोमवारी पाचव्या फॉर्मवर मजकूर उमटला. याच्या दोनच दिवस आधी, तांबाळ्याची हकीकत ऐकलेल्या परगावच्या एका वाचकाचं पत्र आलं होतं: त्यांच्या प्रतीत सातवी वेस पान त्रेपन्नवरच पडते, तर तांबाळ्याचं सभासदत्व बाहेरच्यांना मिळतं का, आणि रक्तगट कळवावा लागतो का. रेहानाने दोन्ही प्रश्नांना होय असं उत्तर लिहिलं आणि फॉर्म घेऊन ती अक्कांकडे निघाली. नवव्या खंडाच्या चिठ्ठ्यांत पहिलं नाव पुन्हा त्यांचंच निघालं होतं.

अक्कांनी चष्मा लावला. रेहाना ओसरीच्या पायरीवर बसली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. अक्का वाचत गेल्या: दरवाजाला पाठ लावलेला एक शिपाई फटीतून बाहेर बघतो. धुक्याच्या फौजेच्या मागे, घाटाच्या वाटेवर त्याला एक माणूस दिसतो. उजवा हात गळ्यात बांधलेला. डाव्या हातात भाला, आणि भाल्याला अडकवलेली कापडी पिशवी. शिपाई त्याला ओळखतो.

पान तिथे संपत होतं. अक्कांनी ते उलटलं. पुढचंही उलटलं. शेंगांची परात तशीच राहिली. ऊन अंगणातून ओसरीवर आलं आणि ओसरीवरून निघून गेलं.

“कुठवर आलं, अक्का?”

“वाचून झालं,” अक्का म्हणाल्या आणि चष्मा न काढताच हात पुढे केला. “सहावा आणलायस का?”